मागाबाहेरचा पट्टा

मी एक जुना कातडी पट्टा आहे. मोडक्या पाठीला आधार देणारा. माझ्या पोटात दोन पोलादी पट्ट्या आणि पुढे चार वाद्या आहेत. मित्रांनो, मला पाहून मुलं घाबरत. मीही स्वतःला पाहिलं असतं तर घाबरलोच असतो!

बेळगावच्या कॅम्पात पलटणीच्या घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या केदारीने मला घडवलं. वडगावचा विणकर यमनाप्पा माळ्यावरून पडला होता. दूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याच्यासाठी माझं माप घेताना केदारी म्हणाला, "पोटाला जरा सैल ठिवतो अण्णा, जेवायला नगो काय?" यमनाप्पा खळखळून हसला. तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

शस्त्रक्रियेनं पायांत जीव आला, पण पाठीतली कळ गेली नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की कळ राहणारच, तिला सांभाळून जगायचं. थोडं बसावं, मग आडवं व्हावं, आणि बसताना पट्टा लावायचाच. त्याची बायको चंपाबाई रोज गरम विटेनं शेकायची आणि माझ्या वाद्या आवळायची. तेवढ्यानं त्याला जरा बरं वाटे आणि मला धन्य वाटे.

मग तो मागावर बसू लागला. मागाचा खड्डा जमिनीत असतो. विणकर त्यात पाय सोडून काठावर बसतो आणि दिवसभर पुढे वाकतो. माझी खरी गरज तिथेच होती. पण यमनाप्पा मागाच्या खोलीच्या दारातच मला सोडायचा आणि खुंटीला अडकवायचा.

"अवो, डाक्तर काय म्हटल्यात? लावूनच बसा की," चंपाबाई कळवळून म्हणायची.

"चामडं मागाला शिवायचं न्हाय गं. वाडवडलांपासनं कुनी शिवू दिलं न्हाय."

"आन् दुखनं?"

"दुखनं माझं एकट्याचं हाय. माग समद्या घराचा हाय."

मला फार राग यायचा. त्याच मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला धक्का देणारा तुकडा म्हशीच्या कातड्याचा होता! तो आत मजेत ठकठक करायचा आणि मी बाहेर लोंबकळायचो. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि मला तर बोलता येत नव्हतं. दुपारी आतून त्याचं कण्हणं ऐकू यायचं. खुंटीवर असहाय होऊन ते ऐकण्यासारखी शिक्षा नाही.

हळूहळू त्याची पाठ वाकत गेली. एके दिवशी त्याला खड्ड्यातून उठताच येईना. शेजाऱ्यांनी धरून वर काढलं. त्यानंतर तो पुन्हा विणायला बसला नाही. पुढे माग विकला. लोकांनी तो सुटा करून गाडीत घातला. अंगणातून गाडी गेल्यावर चंपाबाईने मला खुंटीवरून काढलं.

"आता तरी लावा," ती म्हणाली. "आता कुनाला शिवतंय?"

त्याने हात वर केले. तिने वाद्या ओढल्या, पण त्या वाकलेल्या पाठीवर माझ्या पोलादी पट्ट्या बसेनात. त्याला कळ आली आणि मला रडू आलं. मग तो रिकाम्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला. खाली माग चालवायच्या पावड्या नव्हत्या, तरी त्याचे पाय हळूहळू त्या दाबत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची पाठ दुखत असेल, तर त्याचा आधार खुंटीवर ठेवू नका. तो वेळेवर त्याच्या अंगावर चढवा. मी पुन्हा त्याच खुंटीवर आलो आहे, आणि मला आता कुणी उतरवत नाही.