अण्णांच्या नावाने मागितलेली बदली

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. माझे कोपरे उडालेत, पाठीला बुरशी धरलीय आणि बोलणंही आताशा कडूच झालंय. तेवढं चालवून घ्या.

कलकत्त्यातल्याच एका दुकानात माझी चौकट ठोकली. मुकुंदराव सरकारी नोकरीत बदलून इथे आले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी, दत्तात्रयअण्णांनी, मला आणून खिदिरपूर भागातल्या सरकारी क्वार्टरमध्ये टांगलं.

त्या घरची एक रीत होती. पाडव्याला गुढी उभारली की जेवणाआधी प्रत्येकाने वर्षाचा संकल्प माझ्यावर लिहायचा. सगळ्यात वर अण्णा लिहायचे, 'आधी घरची माणसं.' मग बाकीच्यांनी लिहायचं आणि अण्णांनी विचारायचं, "वरच्या ओळीत बसतं का बघा." एकदा नात श्रुतीने 'रोज तासभर टीव्ही' लिहिलं. "सगळे मिळून बघू ना, आजोबा!" म्हणाली आणि त्या लबाड पोरीचा संकल्प मंजूर झाला. आलेगेले माझं कौतुक करायचे. मीही मूर्ख, फुगून जायचो!

पाचव्या पाडव्याला मुकुंदरावांनी लिहिलं, 'मुंबईला बदली आणि बढती.'

"बसतं का रे ओळीत?" अण्णांनी विचारलं.

"बसतं की! तुमच्यासाठीच तर चाललंय, अण्णा."

अण्णांचे डोळे भरून आले. दादरला त्यांचे जुने सोबती होते, बहीण होती. बदलीच्या अर्जात कारण दिलं होतं: वृद्ध वडिलांचे उपचार मुंबईत करायचे आहेत, मी एकुलता एक मुलगा. डॉक्टरांचे कागद अण्णांनी स्वतः नीट लावून दिले. महिनाभर आधीच त्यांनी बॅग भरली.

बदली झाली. बढतीही झाली. मग मुंबईच्या जागेचा नकाशा आला आणि मुकुंदरावांच्या पत्नी सरोजबाई म्हणाल्या, "अहो, दोन खोल्यांत अण्णांना कुठे ठेवायचं? श्रुतीचं दहावीचं वर्ष."

"सहा महिने इथल्या वृद्धाश्रमात राहतील. मोठी जागा मिळाली की नेऊ," मुकुंदराव म्हणाले.

श्रुती उसळली. "बाबा, अर्ज तर आजोबांच्या नावाने केला होतात ना?"

मुकुंदराव नकाशाची घडी घालत राहिले. बोलले ते अण्णाच. "असू दे गं. सहा महिने काय, बघता बघता जातील." आणि भरलेल्या बॅगेतले मुंबईसाठी घेतलेले नवे सदरे त्यांनी एकेक करून बाहेर काढले. मला त्या क्षणी मुकुंदरावांची चीड आली, मित्रांनो. आजही येते.

सामानाच्या ट्रकमध्ये फ्रिजला जागा होती, कुंड्यांनाही होती. मी अण्णांबरोबर आश्रमात आलो. इथे माझ्यावर जेवणाच्या वेळा लिहितात. त्याला आता दोन पाडवे उलटले. रविवारी फोन येतो. मोठी जागाही मिळाली म्हणे, पण तिथे आता मुकुंदरावांचं ऑफिसचं टेबल आहे.

आश्रमातल्या आया कधी विचारतात, मुलगा कुठे असतो? अण्णा ताठ बसून सांगतात, "मुंबईला. माझ्यासाठी बदली घेतली त्याने." त्यांना खोटं कसं म्हणू? सरकारी कागदावर तसंच लिहिलेलं आहे.

मित्रांनो, ध्येयं खुशाल ठरवा, मोठी ठरवा. फक्त ज्या माणसाचं नाव पुढे करून ती मिळवाल, त्यालाच मागे टाकून जाऊ नका.