हार्टरबेकची मयतवाट

आमच्या हार्टरबेकमध्ये घरं सात, आणि चुली पेटतात सहा, कारण सातव्याचं छप्पर केव्हाच बसलंय. ना चर्च, ना दुकान, ना बिअर मिळायची सोय. ओढासुद्धा टेकडीखालून वळसा घालून सरळ कर्कवेथकडे पळतो. चर्च कर्कवेथचं, दफनभूमीही त्यांचीच. त्यामुळे आमचं माणूस गेलं की खांद्यावर घेऊन, शेतं ओलांडून तिकडे न्यायचं, हे माझ्या पणजीच्या पणजीपासून चालत आलंय. त्या वाटेला आम्ही मयतवाट म्हणतो. जेमतेम मैलभर. सडकेनं गेलात तर पाच मैल, आणि बस आठवड्यातून दोनदा, तीही ड्रायव्हरला आठवण राहिली तर.

लढाई संपून सहा-सात वर्षं झाल्यावर सरकारला जाग आली. जुन्या पायवाटा म्हणे नकाशावर घ्यायच्या. आली ती वाट सगळ्यांची, कायमची. राहिली तिचं काही खरं नाही.

हे कानावर पडताच रूबेननं काय करावं? मयतवाट त्याच्या दोन शेतांतून जाते, तर पठ्ठ्यानं फाटकाला साखळी घालून कुलूप ठोकलं! तसा तो वाईट नाही, मी त्याला रांगताना पाहिलंय. आदल्या उन्हाळ्यात शहरातले फिरस्ते फाटक उघडं टाकून गेले, मेंढ्या सडकेवर आल्या आणि त्यातल्या तीन एका लॉरीखाली मेल्या. दुखणं खरं होतं, औषध भलतंच.

"एकाला सोडलं की ती वाट झाली, टॅमसिनमावशी," तो म्हणाला. "मग जन्मात कुणाला अडवता येणार नाही."

"आणि एमॉसचं काय रे?"

त्यानं कुलपाची किल्ली खिशात टाकली आणि मेंढ्यांकडे चालू लागला.

एमॉस फॉसेट माझा शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. बायको हेस्टर कर्कवेथला पुरलेली. एकवीस वर्षं दर रविवारी तो मयतवाटेनं जायचा आणि तिच्यापाशी तासभर बसायचा. कुलूप पडल्यापासून घरात होता. रविवार उजाडला की कोट घालून खिडकीत बसायचा नुसता. माझा जीव तुटायचा, आणि रूबेनचा असा संताप यायचा की विचारू नका.

मग एका बुधवारी दुपारी कौन्सिलचे मिस्टर पेलम वाटेची चौकशी करायला आले. बैठक माझ्या स्वयंपाकघरात, कारण सगळे बसतील एवढं टेबल माझंच. मी बेदाण्यांचा पाव कापून ठेवला. रूबेनलाही दिला. चिडले म्हणून काय झालं, दारी आलेल्याला उपाशी ठेवणारी मी नव्हे.

"लोक वीस वर्षं हक्कानं चालले असतील तर वाट नकाशावर," पेलम म्हणाले. "मालकाला विचारून चालले असतील, तर तो मालकाचा चांगुलपणा. हक्क नव्हे."

इथेच आमची पंचाईत. आम्ही बाकीचे सायकलवाले, सडकेनं जाणारे. त्या वाटेला आमचे पाय लागतात ते मयताबरोबरच. नेमानं जाणारा एकटा एमॉस, आणि तो दर रविवारी रूबेनच्या घराचं दार वाजवून विचारायचा, "जरा जाऊ का?" आधी रूबेनच्या बापाला, मग रूबेनला. काही गरज होती? पण आमच्याकडची माणसंच अशी. स्वतःच्या विहिरीतून पाणी काढतानाही माफी मागतील.

"दार वाजवल्याचं बोलू नका," मी एमॉसच्या कानात पुटपुटले.

"मिस्टर फॉसेट, तुम्ही कधी परवानगी मागितली होती का?" पेलमनी विचारलं.

"दर रविवारी," एमॉस म्हणाला. "न विचारता दुसऱ्याच्या शेतात शिरायचं म्हणजे काय!"

मी कपाळाला हात लावला. पेलमनी ते लिहून घेतलं. एमॉसनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "माझं काही चुकलं का? मला जाता येईल ना?"

 मग माझंच डोकं फिरलं.

"अहो मिस्टर, मयत नेताना आम्ही कुणाचं दार वाजवत नाही! हेस्टरला नेलं तेव्हाचं लिहा की!"

"मयत नेलं म्हणून वाट होत नाही, बाई. ती आपली लोकांची समजूत. न विचारता, हक्कानं नेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण साक्षीला कोण आहे?"

"खांदेकरी चौघं होते. तिघं गेले. चौथा हा काय, पाव खातोय!"

सगळे रूबेनकडे वळले. त्यानं तुकडा खाली ठेवला.

"तुम्ही उत्तर द्यायलाच हवं असं नाही," पेलम त्याला म्हणाले. "पण त्या दिवशी वडिलांना विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात?" रूबेन उसळला. "मयतवाट आहे ती! आपलं माणूस न्यायला कुणाची परवानगी लागते?"

बोलून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. कानापर्यंत लाल झाला. पेलमची लेखणी थांबलेली होती.

"हे लिहू? मालकानंच हक्क कबूल केला असं होईल. लिहिलं की मागे घेता येणार नाही."

"नको, राहू दे," एमॉसच मध्ये बोलला. "पोराच्या मेंढ्या आहेत. नुकसान होईल त्याचं."

रूबेनचा चेहरा पाहवेना. 

"लिहा," तो म्हणाला. "माझ्या आजोबांनाही त्याच वाटेनं नेलं, कुणाला न विचारता. तेही लिहा."

एमॉस टेबलाचा आधार घेत उठला.

"अहो, निघालात कुठे? चहा तरी घ्या," मी म्हटलं.

"हेस्टर वाट बघत असेल," तो म्हणाला. रूबेननं खिशातून कुलपाची किल्ली काढली, त्याच्या काखेत हात घातला, आणि दोघं दाराबाहेर पडले.