उलट्या बाजूची वाट

दुपारी सगळं घर निजलेलं असताना मागच्या दाराची कडी खट्‌कन वाजली.

मी माझ्या लेकीला, भिंगरीला, थोपटता थोपटता स्वतःच पेंगत होते. आवाज ऐकला आणि ताडकन उठले. ती कडी नवऱ्याने मुद्दाम दाराच्या पार वरच्या टोकाला ठोकली होती. लेकीने उघडू नये म्हणून नव्हे, आपल्या आईने उघडू नये म्हणून. धावत गेले, तर सासूबाई स्टुलावर उभ्या.

"आई! अहो, स्टुलावर?"

"हळू बोल, पोर उठेल," त्या म्हणाल्या. "दोरीवरचे कपडे वाळलेत. वास येतोय."

सासूबाईंची नजर हळूहळू चाललीय. कडांकडून अंधारत येतं म्हणतात, आणि मधे जे उरलंय तेही मळक्या काचेतून बघावं तसं. डॉक्टरांनी औषधाचं नाव न घेता नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हाच आम्हाला समजलं. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. मशीन सुटली, सुई सुटली, पण मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचं काम त्यांनी कुणाला म्हणून दिलं नाही. मग एकदा अंगणातल्या खड्ड्यात पाय मुरगळून पडल्या. मनगट मोडलं, आणि कडी वर गेली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी सांगायच्या आत भिंगरीनेच चहाडी केली; दुपारी ती झोपलीच नव्हती.

"स्टुलावरून पडली असतीस म्हणजे?" तो ओरडला.

"घरातच पडले असते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुला तेच हवंय ना?"

तो हात धुऊन आला. मग म्हणाला, "अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ. जमीन एकसारखी झाली की कडी खाली आणतो. पण आई, त्यावरही तुला जमलं नाही, तर मग तू एकटीने बाहेर जायचं नाव काढायचं नाही."

"कबूल," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ठाम होता, पण हाताने पदराचं टोक चुरगाळणं चाललं होतं. ते मी पाहिलं.

मी हौसेने कागदावर अंगण आखलं. इथे दार, तिथे नळ, पलीकडे दोरीचे खांब. मिस्त्री आले. मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या हसण्याचे. त्यांनी दोऱ्या ताणल्या. पावसाचं पाणी भिंतीशी मुरू नये म्हणून बाहेरच्या अंगाला किंचित उतार धरला. माती खणली, खडी टाकली आणि ती दाबायचं मशीन सुरू केलं. स्वयंपाकघरातले डबे थरथरायला लागले. भिंगरी दारात उभी राहून "आऽऽ" करायची आणि आपला आवाज कसा हलतो ते ऐकून लोळून हसायची. खडीवर दगडाची बारीक कच पसरली, फळी ओढून सारखी केली, आणि विटेच्या आकाराचे राखाडी ब्लॉक रबरी हातोड्याने एकेक ठोकून बसवले. कडेला काँक्रीट भरलं, म्हणजे ओळी सरकायला नकोत.

"एकही उंचवटा ठेवू नका हं," मी पुन्हा पुन्हा बजावत होते. तो खड्डा बुजला. नळापाशी वर आलेलं जुनं मूळ उपटलं. खांबाशी अर्धी पुरलेली वीट होती, ती मी स्वतः उकरून काढली.

"वहिनी, यावर गोटी ठेवली तरी विचार करून घरंगळेल," मिस्त्री म्हणाले. "ही तुमची चिमुरडी मोठी बाई होईल, तरी हे असंच राहणार."

सांधे वाळूने भरले, झाडून घेतले, आणि सासूबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या. आम्ही सगळे बघत उभे.

थोडं चालल्या. आणि अंगणाच्या मधोमध थांबल्या. पायाच्या बोटांनी पुढे चाचपलं, बाजूला चाचपलं.

"नळ कुठे गेला?"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गर्दीत हात सुटलेल्या पोराचा असावा तसा. नवरा पुढे झाला, त्यांनी त्याचा हात झिडकारला. त्याने मान फिरवली. त्याची नजर कुठे गेली ते मला कळलं. कडीकडे.

"खांबाशी वीट होती," सासूबाई म्हणत होत्या. "ती पायाला लागली की हात वर करायचा, दोरी हातात. आणि नळाच्या अलीकडे मूळ. तुम्ही सगळंच काढलंत की रे."

म्हणजे इतके दिवस त्या डोळ्यांनी चालतच नव्हत्या. आणि आम्ही, त्यांनी पडू नये म्हणून, त्यांच्या पायांची ओळखच पुसून टाकली होती.

सासूबाई तिथेच बसल्या. कापडाचा पोत बघावा तसा फरशीवरून तळवा फिरवला. "मिस्त्री, सुटा ब्लॉक आहे का एखादा?"

त्यांनी दिला. अंगठा वरून फिरला, मग ब्लॉक उलटा झाला, मग पुन्हा अंगठा. "ही खालची बाजू. कशी खरखरीत आहे. हीच वर घ्या ना."

"मावशी, लोक म्हणतील मिस्त्रीने झोपेत काम केलं!"

"लोकांना सांगा, गिऱ्हाईक शिंपीण होतं. तिला उलट-सुलट बोटांनी कळतं."

मिस्त्री खो खो हसले. नवऱ्याने मात्र कपाळाला हात लावला. "आता सगळं फोडायचं?"

"फोडायचं कशाला?" मिस्त्री म्हणाले. "खाली सिमेंट थोडंच आहे! उचलायचे, उलटायचे, परत ठोकायचे."

सासूबाई पाटावर बसून हुकूम सोडू लागल्या. दारापासून नळापर्यंत खरखरीत पट्टा. नळाशी चौकोन. तिथून वळून खांबापर्यंत आणखी एक पट्टा. "वर आलेला एकही नको हं, ठेच लागेल," असं म्हणत प्रत्येक ब्लॉक तळव्याने तपासला. नवरा कधी बाह्या सरसावून खाली बसला आणि आईच्या हाताशी ब्लॉक देऊ लागला, मला कळलंही नाही.

मग त्या अनवाणी निघाल्या. नळापाशी थांबल्या, वळल्या, पट्टा संपला तिथे हात वर केला. दोरी तळहातात.

नवरा आत गेला आणि स्क्रू काढायचा आवाज यायला लागला. कडी खाली आली. दाराच्या वरच्या टोकाला भोकं तेवढी राहिली.

आता संध्याकाळ झाली की भिंगरी डोळे गच्च मिटून त्या पट्ट्यावरून चालते आणि दर वेळी नळावर आपटते. आज आपटून माझ्या मांडीत येऊन बसली. पलीकडे सासूबाई फ्रॉकची घडी घालत होत्या.

"मिस्त्रीकाका म्हणाले, मी मोठी झाले तरी हे असंच राहणार. हो ना?"

"हो गं राणी."

तिने थोडा विचार केला. सासूबाईंचे हात फ्रॉकवर थांबले.

"पण मी तर बदलणार. मग आई, मी मोठी झाल्यावर कशी दिसते, ते आजीला कसं कळणार?"