शालीखालचा रिसिव्हर

या मित्रांनो, जवळ या. सतरंजीवर दाटीवाटीने बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. आजवर ती मी कोणालाच सांगू शकलो नाही.

मी एक जुना रिसिव्हर आहे. टेपमधला बारीक आवाज मी मोठा करून स्पीकरांना देतो. मी नसलो तर टेप मुकी. घुग्घुसच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या लटारूभाऊंनी मला हौसेने घरी आणलं. ते कीर्तनकार होते. ड्युटी संपली की आंघोळ करून, गंध लावून कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या एका कीर्तनाची कॅसेट होती. पत्नी गुणाबाई शेतात गेल्या की ती माझ्यावर लावत आणि आपल्याच चुका शोधत. त्यामुळे मला ते कीर्तन शेवटपर्यंत पाठ आहे.

गुणाबाईंना मात्र अर्धंच ठाऊक होतं. कीर्तन रंगात आलं की त्यांना प्रसादाच्या चुलीकडे जावं लागे. पुरात अनोळखी म्हाताऱ्याला आपल्या लहान नावेतून नदीपार नेणाऱ्या डोंगेवाल्याची ती कथा. डोंगा मध्यावर येई आणि गुणाबाई उठत.

मागच्या वर्षी लटारूभाऊ गेले. कीर्तनात मिळालेली त्यांची शाल गुणाबाईंनी माझ्यावर पांघरली. इथे कोळशाची धूळ सारखी बसते, म्हणून दुहेरी घडी करून. माझे झरोके बुजले. आत फार तापलं की मी आपोआप बंद पडतो. माझी घडणच तशी आहे, नाहीतर जळून जाईन. त्यामुळे गुणाबाई ती कॅसेट लावत, तेव्हा डोंगा मध्यावर आला की मी गप्प होई.

दुरुस्तीला देवानंद आला. त्याने शाल अदबीने उचलून खाटेवर ठेवली. वायरी आवळल्या, प्लग बदलला, व्होल्टेज मोजलं. तासभर रेडिओ लावला. मी अंग मोकळं करून वाजलो.

"बाई, याले काईच झालं नाई. तुमच्यावरच रुसते काय हा?"

"बाबासारखाच हाय," सून रीता म्हणाली. "घरी बोल म्हटलं का चूप."

तो गेला. शाल पुन्हा माझ्यावर आली. असं तीनदा झालं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी गुणाबाई म्हणाल्या, "रीता, आज सैपाक तू पाहा. मी आज पुरं ऐकतो." शालीवर त्यांनी लटारूभाऊंचा फोटो ठेवला, फोटोला हार घातला आणि पुढ्यात बसल्या. मी जिवाच्या आकांताने वाजलो. पण डोंगा मध्यावर आला आणि माझा श्वास संपला.

त्यांनी शालीवर हात ठेवला. शाल तापलेली होती.

"पाय वं रीता, त्याइच्या अंगची ऊब अजून हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी कॅसेट काढून हातात घेतली. "मी आयकावं, हे त्याइच्याच मनात नसन."

मित्रांनो, ती ऊब माझी होती. कसं सांगू?

शाल आणि कॅसेट पेटीत गेली. मी खाटेखाली आलो. आता अंगावर काहीच नाही, झरोके मोकळे आहेत. आज लावलं तर शेवटपर्यंत वाजेन. पण कोणी लावत नाही. गुणाबाई भांडी घासताना ती कथा गुणगुणतात, मध्यावर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

डोंगा पार लागतो, मित्रांनो. म्हातारा उतरतो, तो देव असतो. मग लटारूभाऊ टाळ थांबवून म्हणतात, "आता प्रसाद घ्या. ज्या हातानं तो शिजला, त्या माह्या गुणीनं माहं कीर्तन कधी पुरं आयकलं नाई. घास घ्यासाठी हात उचलान, तवा तिले आठवजा."

यंत्रावर माया करा, पण त्याला श्वास घेऊ द्या. आणि माझ्याच्याने जे पोचवता आलं नाही, ते तुम्ही करा. पुढच्या पंगतीत पहिला घास घेताना गुणाबाईंची आठवण ठेवा.