चाप ओळखणारं बोट

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुनी रायफल आहे खरी, पण माझ्या नळीला भोक पाडून मला केव्हाच मुकं केलं आहे. आता कॉलेजच्या कवायतीत मुलं मला खांद्यावर घेतात, डावं-उजवं करतात आणि परत खोलीत नेऊन टाकतात. बोलायला कोणी नसलं की माणूस भिंतीशी बोलतो म्हणतात. मी तुमच्याशी बोलते.

माझा जन्म सरकारी कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी आणि गोळी भरायला हाताने मागेपुढे सरकवायचा बोल्ट. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, त्यामुळे आपल्याला सीमेवर पाठवणार अशी माझी खात्री होती. पेटी उघडली ती नगरच्या एका कॉलेजात, एन.सी.सी.च्या मुलींसमोर! शत्रू म्हणून वाट्याला आला कागद. मी फार हिरमुसले.

चांदमारीवरचा पहिला दिवस मला आजही आठवतो. गावाबाहेरचा उघडा माळ, टोकाला मातीचा उंच बांध आणि त्याच्यापुढे ओळीने उभे केलेले कागदी चांद. मुलींना माझी भीती आणि मला त्यांचा कंटाळा.

"लई जड हाय गं बाई," एक म्हणाली.

"म्हशीवानी लाथ मारती म्हणं," दुसरीने भर घातली.

मी बावीस बोअरची, बारक्या गोळीची. लाथ कसली, खांद्याला जेमतेम टिचकी बसते. पण नावं ठेवणाऱ्याचं तोंड कोण धरणार? एकीने तर डोळे गच्च मिटून गोळी झाडली. ती कुठे गेली ते मलासुद्धा कळलं नाही.

मग विजयमालाची पाळी आली. मिरजगावजवळच्या वस्तीवरची ही मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. ती सतरंजीवर पालथी पडली, मला खांद्याशी घेतलं आणि दस्त्याला गाल टेकवून पुटपुटली, "नवी हाईस न्हवं? मीबी नवीच हाय. भिऊ नगंस."

मला तोवर कोणी असं विचारलंच नव्हतं.

माझा चाप दोन टप्प्यांचा आहे. बोट टेकलं की तो थोडा सहज मागे येतो, मग अडतो. त्या अडण्यावर थांबायचं, श्वास रोखायचा आणि मग कळेल न कळेल इतकाच दाब द्यायचा. ते अडणं डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच समजतं. विजयमालाच्या बोटाला ते पहिल्याच दिवशी समजलं. तिच्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. आमचे उस्ताद, हवालदार दानीएल, सहसा कोणाचं कौतुक करत नसत. ते कागद हातात घेऊन नुसते हसले आणि म्हणाले, "आता ही रायफल हिचीच."

त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले. कारण चांदमारी संपली की आमचं जिणं अवघड असतं. हत्यारांच्या खोलीला कोत म्हणतात. तिथे आम्हाला ओळीने उभं करून साखळी ओवतात, आणि चोरी झाली तरी चालवता येऊ नये म्हणून बोल्ट काढून वेगळ्या पेटीत कुलूपबंद करतात. शेजारी डझनभर बहिणी असतात, पण प्रत्येकीच्या छातीत भोकच. विजयमाला यायची, माझा बोल्ट बसवायची, तेव्हा मी पुरी व्हायचे.

त्याच साली पाऊस झालाच नाही. दिवाळीनंतर ती यायची थांबली. तिची मैत्रीण लिडिया उस्तादांना सांगत होती, "विजी आता येणार नाही. वडील अंथरुणाला खिळलेत. ती आईबरोबर दुष्काळी कामावर जाते, खडी फोडायला." उस्तादांनी मान हलवली. मी साखळीत उभी राहून ऐकलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या स्पर्धेसाठी एकच मुलगी निवडायची होती. जी निवडली जाईल तिचं वसतिगृहातलं राहणं-जेवण कॉलेज करणार होतं. उस्तादांनी मुद्दाम निरोप धाडला आणि विजयमाला आली. काळवंडली होती, गळ्याची हाडं वर आली होती. हिला आज कॉलेज परत मिळणार, माझ्यामुळे मिळणार, या कल्पनेने मला हर्ष झाला.

गोळीबाराआधी उस्तादांनी मला नखशिखांत तपासलं. नळी पुसली, टोकाची नेम धरायची माशी सरळ आहे का ते पाहिलं, चाप दाबून पाहिला. सगळं ठाकठीक होतं. तिच्याकडे मात्र त्यांनी नुसतं "ये पोरी" म्हणून पाहिलं.

तिचं बोट चापाला लागलं आणि मी चरकले. खडबडीत, निबर, भेगाळलेलं. ते बोट माझ्या अडण्यापाशी थांबलंच नाही. तिला ते समजलंच नाही. श्वास रोखण्याआधीच गोळी सुटली. दुसरी तशीच, तिसरीही. मी चाप धरून ठेवायची खूप धडपड केली, पण आमच्या हातात काय असतं?

कागद आला. भोकं चांदभर पसरली होती. आधीच नेम मारून बसलेल्या लिडियानेही मान खाली घातली.

"रायफल बिघडली," उस्ताद घाईने म्हणाले. "चाप ढिला झाला आसंल. हत्यार खराब निघालं तर परत मारायची सवलत हाय. लिहितो मी तसं. दुसरी घे."

हो म्हण गं बाई, मी आतून ओरडले. माझ्यावर ढकल. मला भंगारात घातलं तरी चालेल.

विजयमाला उठून बसली. तिने मला मांडीवर आडवं घेतलं.

"न्हाई उस्ताद. तिच्यावर खोटं कशापायी? चाप हाय तसाच आसंल. माज्याच बोटाला कळंना झालंय."

उस्तादांनी तिचा हात हातात घेऊन उलटा केला आणि पाहतच राहिले. खडी फोडणाऱ्या पोरीचा हात कसा होतो हे न कळायला ते काही परके नव्हते. पण निरोप धाडताना त्यांच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

पुण्याला लिडिया गेली. विजयमालाने रिवाजाप्रमाणे माझी नळी स्वच्छ केली, बोल्ट काढून उस्तादांच्या हवाली केला आणि मिरजगावची एसटी गाठायला निघून गेली. नंतर कितीतरी बोटं माझ्या चापाला लागली. ती परत आली नाही.

मित्रांनो, माझी देखभाल तुम्ही उत्तम करता, त्याबद्दल तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. कोणाचा नेम चुकला की तुम्ही आधी त्याची रायफल उचलता, नळीत डोकावता, माशी बघता. त्याऐवजी त्या माणसाचा हात आधी हातात घ्या.