माझ्यावर एकही शिक्का नाही

मी एक जुना चौकटींचा कागद आहे. क्योतोतल्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काचेच्या कपाटात राहतो. माझ्या सोळा आडव्या आणि सोळा उभ्या चौकटींत एक पाणमांजर रंगवलेलं आहे, गळ्यात लाल रुमाल घातलेलं.

मित्रांनो, त्या रुमालाचं फार कौतुक झालं. खरं सांगायचं तर मान दाखवायला चौकटी पुरल्या नाहीत, म्हणून कंपनीतले चित्रकार मोरिवाकीसान यांनी तिथे लाल रंग भरला. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. कुणालाही न विचारता त्यांनी मला एका दुपारी रंगवलं. माझं पाणमांजर पडद्यावर पहिल्यांदा धपकन पाण्यात पडलं, तेव्हा सगळे हातातली कामं टाकून हसले होते. मी किती सुखावलो होतो!

पुढे ते गाडी चालवू लागलं, टेनिस खेळू लागलं, नूडल्स शिजवू लागलं. दर नव्या खेळासाठी मलाच बाहेर काढत. माझ्या खालच्या खणात मात्र नाकारलेल्या नव्या पात्रांचे कागद साचत गेले. पावसाला घाबरणारी गोगलगाय गेली, दात पडलेला राक्षस गेला. एकही परत आला नाही. तो खण आता नीट बंद होत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

मागच्या वर्षी इथे काम करणाऱ्या चिनात्सु नावाच्या मुलीने एक म्हातारी, आंधळी नावाडीण काढली. नदीचा आवाज ऐकून ती होडी वल्हवायची. आमच्याकडे नव्या खेळाच्या अर्जावर सात शिक्के लागतात. खालच्यांनी आपला शिक्का वरिष्ठांच्या जागेकडे किंचित झुकवून मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा. चिनात्सुच्या अर्जावर सहा झुकलेले शिक्के पडले. सातवा मोरिवाकीसानांचा होता. ते आता विभागप्रमुख झाले होते.

"म्हातारी छान जमलीय," ते म्हणाले. "फक्त वल्हं पाणमांजराच्या हातात दे."

"मग ती काय करेल?"

"मागे बसेल. लोक ओळखीच्या चेहऱ्यासाठी येतात गं."

"तुम्ही पाणमांजर काढलंत, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं?"

मोरिवाकीसानांनी शिक्का उचलला. माझ्यानंतर त्यांनी नवं काहीच काढलं नव्हतं. शिक्का बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, आता मारतील. पण त्यांनी मला बाहेर काढलं आणि दिव्याच्या काचेवर, तिच्या कागदावर ठेवलं. खालून उजेड आला. माझ्या चौकटींतून म्हातारीचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर माझंच पाणमांजर बसलं होतं.

वल्हं पाणमांजराकडे गेलं, आणि होडीत गर्दी होते म्हणून पुढे म्हातारीलाही उतरवलं. चिनात्सुने तिचा कागद स्वतःच्या हाताने खणात ठेवला. त्या वसंतात तिने नोकरी सोडली.

काल मोरिवाकीसान पुन्हा आले. हातात नवा अर्ज होता. सहा शिक्के आधीच झुकलेले, आणि चित्राची जागा कोरी. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सातवा शिक्का मारला आणि माझं कपाट उघडलं.

मित्रांनो, म्हातारे जिन्नस तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी उलटं विनवतो. मला इतकं जपू नका. एकदा तरी आधी खालचा खण उघडा.