टॉवरमागचा खोकला

अक्षताने लालबागवर फिल्म केली होती. तिच्यात गोष्ट नव्हती, कुणी बोलतही नव्हतं. नुसती चित्रं आणि आवाज, तेही एकमेकांचे नसलेले. मसाला कांडायच्या यंत्राची धडधड चालू असायची आणि पडद्यावर दिसायचा एखाद्या टॉवरचा रिकामा स्विमिंग पूल.

दादरच्या एका लहान हॉलमध्ये पहिला खेळ होता. चिंचपोकळीच्या चाळीत एकटी राहणाऱ्या अक्षताला बोलवायला घरचं कुणी नव्हतं. शेजारच्या मीराबाईंना ती आग्रहाने घेऊन गेली.

अर्ध्यावर काचेचा एक चकचकीत टॉवर आला आणि त्यावर भिंतीपलीकडून टिपलेला खोकला. लांबलचक, दम संपेपर्यंतचा. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

मीराबाईंनी पदर तोंडाशी धरला. तो खोकला त्यांच्या यजमानांचा, शामरावांचा होता. शामराव गेल्या वर्षी वारले होते.

टॅक्सीने दोघी चाळीत परतल्या. दाराशी आल्यावर मीराबाई म्हणाल्या, "त्यांका लोक हसले गो."

"काकू, मला तसं दाखवायचं नव्हतं..."

"माका विचारलंस तरी काय?"

पुढे बरेच दिवस मीराबाईंचं दार अक्षतासाठी बंदच राहिलं.

तिने फिल्ममधून खोकला कापला. पुढच्या खेळाला टॉवर नुसताच उभा राहिला, मुका. कुणी हसलं नाही. संपल्यावर एक मुलगी धावत आली. "ती टॉवरची शांतता कसली भारी होती! कशी सुचली?"

"सुचली," अक्षता म्हणाली आणि बाहेर पडली. रानडे रोडवरच्या गर्दीतून चालताना, हे सांगावं असं तिला कुणीच आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मीराबाईंची कडी वाजवली.

"काढला, काकू."

"बरां केलंस." मीराबाई दारातच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पुसलंस?"

"नाही. माझ्याकडे आहे. ऐकायचाय?"

"नको. पण पुसू नको." मग त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या आवशीचो आवाज?"

अक्षताची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. रेकॉर्डर तिने त्यानंतर घेतला होता.

"नाही काकू. एकही नाही."

मीराबाई दारातून बाजूला झाल्या, तिला आत येऊ दिलं. दोघी पलंगावर बसल्या.